हस्ताच्या पावसात तळेकोंड

आमच्या जत भागातल्या माणसाला पाण्याची भीती वाटते असं कुणी म्हटलं तर लोक हसतील. भीती वाटावी एवढं पाणी आम्ही बघितलेलंच नसतं. उन्हाळ्यात टँकरचा आवाज आला की हातातलं काम टाकून घागर घेऊन पळायचं, एवढीच आमची पाण्याशी ओळख. त्यामुळे गेल्या भाद्रपदात कोकणातून परत आल्यावर शेजारणी विचारू लागल्या, "काय गं, तळं कसं होतं?" तर मी आपली म्हणत होते, "मोठं होतं." पुढचं सांगायला बसले तर चुलीवरचं करपेल. म्हणून एकदाचं लिहून काढते.

माझी धाकटी नणंद शालन. तिला रत्नागिरी जिल्ह्यात, देवरुखच्या अंगाला तळेकोंड नावाच्या गावात दिलेली आहे. घाटावरची मुलगी कोकणात कशी पडली, तर माझे चुलत सासरे मुंबईच्या गिरणीत होते आणि त्यांच्याच खात्यात तळेकोंडचा एक सरळमार्गी मुलगा होता. तेच शालनचे यजमान. संपानंतर गिरणी बंद पडली, तेव्हापासून ते मुंबईतच एका इमारतीवर राखण करतात. मुलगा त्यांच्याजवळ शिकायला. गावी शालन आणि तिचे म्हातारे सासरे, एवढी दोघंच. दोन वर्षं ती माहेरी आली नव्हती. "मला येता येत नाही, तर वैनी, तुम्हीच या. आमचं तळं तरी बघून जा," असा तिचा निरोप आला, आणि ह्यांनी मला कोल्हापुरात रत्नागिरीच्या एस.टी.त बसवून दिलं.

आंबा घाट

घाटाबद्दल थोडकंच सांगते, कारण अर्धा घाट मी डोळे मिटून बसले होते. मलकापूर मागं पडलं तसं आभाळ खाली आलं. आंबा गावाच्या पुढं तर काचेबाहेर नुसता कापूस. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, थांबायचा, समोरून कुणाचा हॉर्न येतो का ऐकायचा आणि मग गाडी सोडायचा. एका वळणावर धुकं जरा फाटलं आणि माझ्या खिडकीखाली रस्ताच नव्हता. दरी होती, आणि तिच्यात पांढऱ्या दोऱ्यांसारखे लोंबणारे ओहोळ. शेजारी बसलेली एक बाई निवांत चकल्या खात होती. तिनं मला एक दिली. मी ती मुठीत धरली आणि साखरप्याला उतरले तेव्हा मुठीत तिचा चुरा होता.

साखरप्याला गाडी बदलली. देवरुखच्या रस्त्यावर एका फाट्यावर शालन उभी होती. डोक्यावर इरलं, म्हणजे बांबू-पानांची पाठीवर घ्यायची छपरी, हातात कोयती, पाय गुडघ्यापर्यंत लाल. मी तिला ओळखलंच नाही.

"आलाव गो वैनी!" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "बघा, तोंडातनं इकडचंच येतं आता."

फाट्यापासून गाव पायी. वाट जांभ्या दगडाची, वर शेवाळ. पहिल्या उतारालाच मी घसरून बसले. शालन म्हणाली, "पाय आडवे टाका, आणि गवतात हात घालू नका. फुरसं असतं." फुरसं म्हणजे वीतभर लांबीचा विषारी साप, हे तिनं पुढच्या वळणावर सांगितलं. त्यानंतर मी वाटेच्या मधोमध चालले, घसरले तरी हात कुठं टेकला नाही.

आणि मग तळं दिसलं.

खरं म्हणजे आधी तळं दिसलं नाही, गाव दिसलं. भाताच्या हिरव्या खाचरांमध्ये विखुरलेली कौलारू घरं, केळी, पोफळी, धूर. गावाच्या पाठीमागं एका टेकडीपासून दुसऱ्या टेकडीपर्यंत गवतानं माखलेली एक लांबच लांब भिंत. मला वाटलं, हाही डोंगरच.

"तो बांध," शालन म्हणाली. "तळं त्याच्या पलीकडं."

"म्हणजे पाणी तुमच्या घरांच्या वर आहे?"

"व्हय की."

ती सहज बोलून गेली. मी मात्र त्या हिरव्या भिंतीकडं बघतच गावात शिरले, आणि तळेकोंडात होते तोवर ती भिंत आहे ना जागेवर, हे बघायची मला सवयच लागली.

तळेकोंड

शालनच्या सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. ओटीवर आरामखुर्चीत बसलेले असतात. पाय गेलेले आहेत, आणि डोकं मधूनमधून जातं. मला बघून त्यांनी प्रेमानं विचारलं, "माहेरून कधी आलीस?" मग शालनला हाक मारली ती त्यांच्या वारलेल्या बायकोच्या नावानं. शालननं ओ दिली. चहा घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "चहा झाला नाही गो अजून," आणि तिनं पुन्हा अर्धा कप आणून दिला. कुरकुर नाही, काही नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि तळ्यातल्या बारक्या माशांचं सुकं. आम्ही मटण खाणारी माणसं, पण हाडूक दिसतं तरी. इथं काट्यानं घशात असं ठाण मांडलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या भागीकाकी आल्या होत्या मला बघायला. त्यांनी माझ्या पाठीत दणका दिला, कोऱ्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि म्हणाल्या, "घाटावरच्यांना मासा गिळायचा ठाऊक, खायचा नाय."

भागीकाकी साठीच्या असतील. नवरा नाही, दोन्ही मुलगे मुंबईला. बहुतेक घरांत हेच. गणपतीला सगळे चाकरमानी येऊन गेले होते, गावात नुसता गलका झाला होता म्हणे. आणि आता पितृपक्षात गावात उरल्या होत्या बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं. आमच्याकडं दुष्काळात पुरुष ऊसतोडीला जातात तेव्हा गाव असंच दिसतं. इथं शेतात भात पोटरीतून बाहेर पडलेलं, आणि तरी पुरुष नाहीत, हे मला नवल.

दुसऱ्या दिवशी शालननं मला तळं दाखवलं. बांधावर चढायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत. वर गेले आणि आधी खालीच बसले. एवढं पाणी! डोंगरांच्या ओंजळीत भरलेलं, काळंशार, हललंच तर साय हलावी तसं. कडेला कमळांची पानं. पलीकडच्या काठावर म्हशी डुंबत होत्या. आमच्या तालुक्याला वर्षभर पुरलं असतं असं वाटलं, आणि त्याच वेळी पायांखालची ही मातीची भिंत किती रुंद असेल हे मी मनातल्या मनात मोजू लागले.

बांधाच्या एका टोकाला टेकडीवर पाणजाई देवीचं देऊळ आहे. गुरवांनी दार उघडलं. देवी म्हणजे शेंदूर लावलेली एक उभी शिळा, चांदीचे डोळे. देवळाखालच्या घाटावर गुरवांनी भाताची शितं टाकली, तर हातभर लांबीचे मासे एकमेकांवर चढून आले. घाटाकडचे मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. पलीकडच्या काठाचे मासे माणसांचे. "माशांना कळतं का हद्द?" मी विचारलं. गुरव म्हणाले, "माशांना नाय, माणसांना कळते. तेवढं पुरतं."

तळं कुणी बांधलं? गुरव म्हणाले, संगमेश्वरच्या बंदरातून मीठ आणि सुकी मासळी लादून बैलांचे तांडे घाट चढायचे, त्यांच्या पाण्यासाठी कुणा व्यापाऱ्यानं बांधलं. भागीकाकी म्हणतात, व्यापारी कसला, देवीनं एका रात्रीत बांधलं. शालनला दोन्ही पटतं. काठावर अजून भोकं पाडलेले दगड रांगेनं उभे आहेत, त्यांना बैल बांधायचे. मी एका भोकात बोट घातलं. दोरानं घासून ते आतून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. किती बैल तिथं मान घासत उभे राहिले असतील! त्या क्षणी मला ते गाव फार आवडलं.

देवळाच्या बाजूलाच सांडवा. तळं भरलं की जादा पाणी कातळातल्या त्या खाचेतून बाहेर पडतं आणि पऱ्यानं, म्हणजे ओढ्यानं, खाली नदीला जातं. "हा वाहता आहे तोवर आम्हाला भीती नाही," शालन म्हणाली.

"आणि नाही वाहिला तर?"

"वाहतोय की, वैनी."

हस्त

हस्त नक्षत्र लागलं त्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. दुपारी गडगडाट सुरू झाला. आमच्याकडं हस्ताचा पाऊस म्हणजे ज्वारीच्या पेरणीची ओल, सोन्यासारखा. तळेकोंडात तो सरींनी आला नाही. आभाळ खालून उसवल्यासारखा आला. कौलांवरचा आवाज असा की समोरासमोर बसून ओरडावं लागे. तात्या म्हणत होते, "गाईंना आत घ्या," आणि गोठ्यात कधीचीच गाय नव्हती.

रात्रीचं काही सांगत नाही. झोप कुणालाच नव्हती. उजाडता उजाडता देवळाच्या बाजूनं एक आवाज आला. गडगडाट नव्हता तो. लांब, ओला, घासत गेल्यासारखा. शालन भाकरी थापता थापता थांबली.

थोड्या वेळानं गुरव धावत आले. वय झालेला माणूस, धोतर चिखलानं भरलेलं. ओटीच्या कडेला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "दरड आली. सांडव्यावर आली. झाडांसकट."

आम्ही सगळ्या बांधावर गेलो. देवीच्या टेकडीचा एक तुकडाच्या तुकडा तुटून सांडव्याच्या खाचेत बसला होता. लाल माती, उन्मळलेली झाडं, घराएवढे धोंडे. वरून अजून माती सुटत होती, त्यामुळे जवळ जायची सोय नव्हती. आणि तळं? परवा बांधाच्या माथ्यावरून खाली वाकून बघावं लागत होतं. आता हात लांब केला असता तर ओला झाला असता. पाणी काळंशार नव्हतं. चहासारखं लाल झालं होतं आणि मध्ये फांद्या गरगरत होत्या.

भागीकाकी गावाच्या बाजूनं बांधाच्या पायथ्याशी उतरल्या होत्या. तिथून त्यांनी हाक मारली. आवाजात असं काही होतं की मी पडत-झडत उतरले. गवतातून मनगटाएवढी पाण्याची धार निघत होती. कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं असतात, त्यातून पाणी झिरपतं, ते दर वर्षीचंच. पण भागीकाकींनी ओंजळ भरून आमच्यापुढं धरली. पाणी गढूळ होतं.

"नितळ येतं तोवर नुसतं पाणी येतंय," त्या म्हणाल्या. "गढूळ आलं, म्हणजे बांध येतोय."

 डोक्याच्या कितीतरी वर ते सगळं तळं होतं, आणि मध्ये आतून पोखरली जाणारी माती. मला घरचं अंगण आठवलं, कोरडंठाक, भेगा पडलेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या भेगांची माया वाटली.

आंब्याचं मूळ

दोन धडधाकट बायका देवरुखला कळवायला निघाल्या, पण डोंगरावरच्या पाण्यानं फुगलेला पऱ्या ओलांडता येईना म्हणून त्यांना लांबच्या वाटेनं जावं लागलं. तिकडून कुणी येईपर्यंत संध्याकाळ झाली असती. मुलं, म्हातारी माणसं, गुरं यांना सड्यावरच्या शाळेत न्यायचं ठरलं. सडा म्हणजे गावाच्या वरचं कातळाचं पठार. तिथं पाणी येणार नाही.

मग प्रश्न उरला तळ्याचा. पाणी कुठून तरी सोडायलाच हवं होतं. सांडव्याकडं जाता येत नव्हतं. गुरव म्हणाले, "दुसऱ्या टोकाला कातळ आहे असं तात्या सांगायचे. मागं बांधाची डागडुजी झाली तेव्हा ते होते. तिथं बांध कातळावर बसलाय. वरची माती काढली तर पाणी कातळापर्यंत उतरेल आणि थांबेल."

"आणि कातळ नसला तर?" मी विचारलं.

 नसला तर माती वाहत जाणार, खाच मोठी होत जाणार, आणि जे टाळायचं तेच आपल्या हातानं होणार. शिवाय त्या टोकाखालची खाचरं कुणाची? एक भागीकाकींचं आणि बाकीची शालनची. निसवलेलं भात, वर्षाचं अन्न. शालन तिकडं बघत होती. तिनं खाचरांचं नावही काढलं नाही. "तात्यांना विचारू या," एवढंच म्हणाली.

तात्यांना विचारलं. ते चटकन म्हणाले, "रायवळाच्या मुळाशी. तिथं कुदळ मारलेली, तर ठिणगी उडाली."

पण तो रायवळ आंबा कधीच पडला होता. भागीकाकी म्हणाल्या, तो बांधाच्या वळणाच्या अलीकडं होता. गुरव म्हणाले, वळणाच्या पलीकडं. दोघंही शपथ घ्यायला तयार. आणि अलीकडं-पलीकडं यात एवढं अंतर, की एका ठिकाणी दगड असेल तर दुसऱ्या ठिकाणी तळापर्यंत मातीच असेल.

"तात्यांनाच वर नेऊ," शालन म्हणाली.

आरामखुर्चीला दोन बांबू बांधले. पुढं शालन आणि एक शेजारीण, मागं भागीकाकी आणि मी. मी शूर आहे असं कुणी समजू नये. मला शाळेत जायला सांगितलं होतं; पण त्या पावसात फुरशांच्या वाटेनं एकटीनं सड्यावर जायचं धाडस मला झालं नाही. चौघींमध्ये राहण्याची भीती कमी वाटली, इतकंच. पायऱ्यांवर माझा पाय घसरला, खुर्ची कलली आणि तात्या लहान मुलासारखे ओरडले. इरल्यातून पाणी त्यांच्या मांडीवर पडत होतं.

वर त्यांना ठेवलं तर ते गोंधळले. तळ्याकडं बघून म्हणाले, "एवढं पाणी कुणी आणलं?" मग रडायला लागले. शालन त्यांच्यापुढं उकिडवी बसली. त्यांचं तोंड पदरानं पुसलं.

"तात्या, डागडुजीला तुम्ही भाकरी कुठं खायचात?"

"रायवळाखाली."

"तिथनं काय दिसायचं?"

"खिंड," ते म्हणाले. "दोन डोंगरांच्या मधनं आभाळ दिसायचं. बुंध्याला टेकून बसलं की बरोबर समोर."

समोर धुकं होतं. ना डोंगर, ना खिंड. आम्ही उभ्या राहिलो. असं उभं राहणं मी जन्मात विसरणार नाही. काही करता येत नव्हतं, खाली धार जाड होत होती, आणि आमच्या पायांशी लाटा बांधाचं गवत चाटत होत्या. भागीकाकी पुटपुटत होत्या, देवीला की मुलांना कोण जाणे. मी शालनच्या पदराचं टोक हातात धरलं होतं. मला कळलंही नाही कधी धरलं ते.

मग वारा फिरला आणि पलीकडच्या डोंगरांचे खांदे दिसले. त्यांच्यामध्ये फिकट उजेडाची एक चीर.

"पुढं घ्या," तात्या म्हणाले. आम्ही खुर्ची उचलली. "अजून. अजून जरा. हां... इथं." वळणाच्या पलीकडं, गुरव म्हणाले होते त्याच्याही पुढं. तात्यांनी काठी टेकली. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी शालनकडं वळून अगदी हळू विचारलं, "तुला काय वाटतं गो?"

मी शालनच्या तोंडाकडं बघितलं.  त्या प्रश्नाचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता. पण ती म्हणाली, "मला पण इथंच वाटतं, तात्या," आणि तिनं कुदळ उचलली.

तात्यांना गुरव, ती शेजारीण आणि आणखी दोघींनी सड्याकडं नेलं. आम्ही उरलेल्या बायका खणू लागलो. कुणी कुदळ, कुणी फावडं, मी घमेली ओढत होते. माती ओली असूनही घट्ट होती. जुन्या लोकांनी चोपून बसवलेली. चर गावाकडून तळ्याकडं खणत आणली आणि शेवटचा मातीचा तुकडा ठेवून सगळ्या बाजूला झाल्या. शालननं तो पहारीनं ढकलला.

आधी आला एक ओघळ. मला हसूच आलं, एवढ्यासाठी का आपण मेलो होतो! मग ओघळाचा पाट झाला. मग चरीच्या दोन्ही कडा पाव कापावा तशा कोसळू लागल्या आणि पाण्याचा आवाज बदलला. आम्ही मागं सरलो, अजून मागं सरलो. पाणी लाल, जाड, उड्या मारत शालनच्या पहिल्या खाचरात शिरलं. भात एकदम आडवं झालं. दुसरं खाचर. तिसरं. भागीकाकींनी तोंड फिरवलं.

शालन खाचरांकडं बघतच नव्हती. ती चरीच्या तळाकडं बघत होती. तिथं फक्त माती, माती, आणि खोल होत जाणारं पाणी. कडेचा एक मोठा लगदा सुटला तेव्हा आमच्यातली एकजण किंचाळली आणि सड्याच्या दिशेनं पळत सुटली. मीही पळाले असते. पण शालन जागची हलली नव्हती. मी डोळे मिटले, घाटात मिटले होते तसे.

"वैनी!" शालननं मला हलवलं. "वैनी, बघा!"

चरीच्या मधोमध पाण्याला पांढरी झालर आली होती. पाणी कशावरून तरी उडी मारत होतं. लाल माती निघून गेली तशी खाली एक काळी, रुंद, तुकतुकीत पाठ दिसली. म्हशीची पाठ वर यावी तशी.

"कातळ," भागीकाकी म्हणाल्या. आणि मटकन खाली बसल्या.

तरी चर बाजूंनी रुंद होत राहिली. बैलगाडी जाईल एवढी झाली, त्याहून थोडी जास्त झाली, आणि मग कडा पडायच्या थांबल्या.  आम्ही ओल्या गवतात बसून राहिलो आणि तळं उतरताना बघत राहिलो. दुपार कलल्यावर भागीकाकी पायथ्याशी गेल्या, त्यांनी त्या धारेची ओंजळ भरली, आणि वर बघून मान हलवली. धार बारीक झाली होती आणि पाणी नितळ येत होतं.

सड्यावर

शाळेत सगळ्यांसाठी एकत्र भात शिजला. जिच्या घरी जे होतं ते तिनं आणलेलं. कुणाची वालाची उसळ, कुणाचं लोणचं, कुणाचा सुका जवळा. इतकं गोड जेवण मी आजवर जेवले नव्हते. तात्या भिंतीला टेकून बसले होते. "आज कुणाचं लग्न?" असं त्यांनी मला विचारलं. सकाळचं त्यांना काही आठवत नव्हतं. शालननं त्यांना भरवलं.

संध्याकाळी देवरुखहून जीप फाट्यापर्यंत आली. छत्री घेतलेले एक साहेब चालत आले, बांधावर फिरले, कातळ बघून "बरं झालं" म्हणाले आणि सांडवा मोकळा करायला माणसं पाठवतो म्हणून सांगून गेले. दोन दिवसांनी माणसं खरंच आली.

दरम्यान शालन आणि मी तिच्या खाचरांत उतरलो. चिखल मांडीपर्यंत. जळवा पायांना चिकटत होत्या. पहिलीला मी किंचाळले, मग नाद सोडला. आडव्या झालेल्या भाताच्या लोंब्या चिखलातून सोडवून, चार-चार काडांची मोट बांधून उभ्या करायच्या. जे वाचलं ते फारसं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बघते तर खाचरात आमच्याबरोबर आठ-दहा बायका उतरलेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. भागीकाकी त्यांचं स्वतःचं टाकून आल्या होत्या. "माझं काय, तेवढंच हाय," म्हणाल्या. बाकीच्या घरांनी आपल्या भातातला वाटा भात गेलेल्या या दोघींना द्यायचा, हे गुरवांनी देवळात सगळ्यांसमोर बोलून घेतलं होतं. शालननं हे ऐकलं आणि मान खाली घालून काड बांधत राहिली.

फाटा

निघायच्या दिवशी ऊन पडलं होतं. शालन फाट्यापर्यंत सोडायला आली. माझ्या पिशवीत कुळीथ, आमसुलं आणि फणसाचे तळलेले गरे.

मी वाटेत तिला म्हटलं, "शालन, तात्यांना घेऊन चल आमच्याकडं. निदान पाऊस सरेपर्यंत."

"आणि इथं कोण?"

"तुला भीती वाटत नाही?"

ती पुढं चालत राहिली. एवढ्या दिवसांत मी तिला घाबरलेलं बघितलं नव्हतं. माझा हात धरणारी, तात्यांचं तोंड पुसणारी, कुदळ पहिली उचलणारी तीच. मला वाटलं होतं, इथल्या पाण्यानं तिला वेगळीच करून टाकलंय.

लांबून एस.टी.चा आवाज आला. तेव्हा शालननं एकदम माझे दोन्ही हात धरले. तिचे हात थरथर कापत होते. थंडीतल्यासारखे, थांबवता न येणारे. कोपरापर्यंत कापत होते.

"वैनी," ती म्हणाली, "तात्यांनी विचारलं ना, तुला काय वाटतं म्हणून. मला काही वाटत नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी नुसतं म्हटलं."

गाडी येऊन थांबली. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, लवकर." मी तिचे हात सोडले नाहीत. कंडक्टरनं पुन्हा हाक मारली. मी त्याला सांगितलं, "जाऊ द्या. मी पुढच्या गाडीनं येते."

गाडी गेली. आम्ही दोघी फाट्यावरच्या दगडावर बसलो. तिचे हात माझ्या मांडीवर होते. पुढची गाडी केव्हा आहे ते मी विचारलं नाही.